आवाज ठीक

रविवारी सकाळी नऊ वाजता म्हातारीचं इंजिन उघडायचं आणि घरातल्या प्रत्येकाने समोर हजर राहायचं, असं बाबांनी शुक्रवारी जेवताना सांगितलं, तेव्हा आईने ताटातला घास नुसताच इकडून तिकडे सरकवला. म्हातारी म्हणजे घरची राखाडी गाडी. एकोणीस वर्षांची, चार लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे सोळा किलोमीटर चाललेली. तो आकडा आता पुढे सरकणार नव्हता. मंगळवारी दुपारी काका तिला घेऊन पुलाचा चढ चढत असताना इंजिन एकाएकी जाम झालं, पुढची चाकं धरली गेली आणि गाडी फिरून कठड्यावर आदळली. काका त्या गाडीतून शेजारच्या गावच्या दवाखान्यात रुग्णांची ने-आण करत. त्या दुपारी मागची सीट रिकामी होती, एवढंच नशीब. काकांच्या डाव्या गुडघ्याच्या वाटीचे चार तुकडे झाले. डॉक्टर म्हणाले, चालाल. पण क्लच दाबणं आता विसरा.

उघडून काय मिळणार, असं थोरल्या मुलाने विचारून पाहिलं. गाडी भंगारात जायचीच आहे, आता मेलेल्याचे दात कशाला मोजायचे. तो बोलत होता तोवर बाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि तो थांबल्यावर म्हणाले, "का मेली ते कळायला हवं." मग पाण्याचा पेला उचलला. विषय संपला.

का मेली ते आईला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं, बाबा सोडून.

या घरात रविवारची सुट्टी नऊनंतर सुरू होई. आधी ऐकणं. गॅरेजच्या फरशीवर म्हातारी चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं आणि प्रत्येकाने कानकाठी लावायची. कानकाठी म्हणजे आजोबांच्या घणाचा जुना दांडा. एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानापुढच्या हाडावर दाबायचं. लाकडातून आवाज सरळ कवटीत येतो आणि रस्त्याचा गोंगाट बाहेर राहतो. आजोबा त्या काठीने पंपांची इंजिनं ऐकत. बाबांनी पंचेचाळीस वर्षं मोटारी ऐकल्या, इतक्या की गावात त्यांचं खरं नाव कोणाला सांगता आलं नसतं. कानवाले म्हटलं की लोक बोटाने गॅरेज दाखवत. तीन-तीन ठिकाणी उघडलेली गाडी माणूस लांबून घेऊन येई, आणि बाबा दांडा टेकवून, डोळे मिटून, दोन मिनिटांत सांगत की चौथ्याचा व्हॉल्व्ह आहे, बाकी कशाला हात लावू नका. म्हातारीचं ऐकून झालं की ते वहीत लिहीत. तारीख, किलोमीटर, तेल किती, आणि शेवटच्या रकान्यात दोन शब्द: आवाज ठीक. अशा सात वह्या भरल्या होत्या. एवढी चाललेली गाडी टिकली कशी, असं कोणी विचारलं की बाबा त्या वह्यांकडे बोट दाखवत.

पूर्वी बाबा आधी ऐकत, मग बाकीचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी क्रम उलटा केला. धाकट्या मुलीपासून सुरुवात, मग थोरला, मग आई, मग काका, आणि शेवटी आपण. पोरांचे कान तयार व्हायला हवेत, असं म्हणाले होते.

आईच्या लक्षात त्याआधीच येऊ लागलं होतं. किटलीची शिट्टी, दाराची घंटा, ठिबकता नळ. एकेक आवाज नवऱ्याच्या आयुष्यातून निघून गेला होता, आणि दर वेळी ती न बोलता उठून किटली उतरवत होती, दार उघडत होती. मग सात महिन्यांपूर्वी, एका रविवारी, धाकटीने कानकाठी लावली आणि झटकन मान वर केली. तिचं तोंड उघडायच्या आत आईने मागून विचारलं, "ठीक आहे ना गं?" विचारलं अशा सुरात की धाकटीने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांच्या हातातल्या पेनाकडे, आणि म्हणाली, ठीक. थोरल्याने ठीक म्हटलं. काकांनीही. शेवटी बाबांनी काठी लावली, बराच वेळ लावून ठेवली, आणि वहीत लिहिलं. इंजिनातली टकटक त्यांना ऐकू आली नव्हती. नंतर आईने तिघांना स्वयंपाकघरात उभं करून एकच प्रश्न विचारला. कानवाल्याला ऐकू येत नाही हे ज्या दिवशी त्यांना कळेल, त्या दिवशी त्यांच्याजवळ काय उरेल ते सांगा. तेव्हापासून घरात अळीमिळी गुपचिळी होती.

आता इंजिन उघडणार होतं, आणि बाबांचे डोळे अजून शाबूत होते.

जेवणं उरकून ती दवाखान्यात गेली. मंगळवारी घाबरलेल्या थोरल्याने बाबांना सांगून टाकलं होतं की ऑइलचा दिवा लागला असेल, काकांनी पाहिला नसेल. ती गोष्ट आता खरी करायला हवी होती, आणि ते काकाच करू शकत होते. पण त्याचा अर्थ काय, हे तिलाही कळत होतं. आजोबांच्या काळापासून गॅरेजचा एक नियम होता. ज्याच्या हातून इंजिन तेलावाचून मेलं, त्याने या गॅरेजच्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही. त्या नियमाने आजोबांनी स्वतःच्या मेहुण्याला घालवलं होतं.

"भाऊजी, दिवा लागला होता, माझं लक्ष नव्हतं. एवढंच म्हणा."

काका प्लास्टरकडे बघत राहिले. "गुडघा गेला वहिनी. आता नावही घालवू म्हणता?"

ती खाटेजवळचं स्टूल सरकवून बसली आणि त्यांची चादर, जी नीटच होती, पुन्हा नीट केली. निघताना काका म्हणाले, बघू.

*

थोरल्याने शनिवारी इंजिन उपसून साखळीवर टांगलं. आहे तसं ठेव, तेलाचा थेंब काढू नकोस, असं बाबांनी बजावलं होतं. रविवारी साडेसातला तो एकटा गॅरेजमध्ये आला. दाराशी बेकरीवाल्याची व्हॅन उभी होती. तिच्या व्हॉल्व्हचं काम त्यानेच काल संपवलं होतं आणि अकराला बेकरीवाला न्यायला येणार होता. थोरल्याने पसरट घमेलं इंजिनाखाली सरकवलं, सतराचा पाना घेतला आणि चेंबरच्या, म्हणजे तेल साठतं त्या तळाच्या डब्याच्या, बोल्टला लावला.

दोन लिटर कमी झालं तर दिव्याची गोष्ट खरी होणार होती. त्याने दोन दिवस हे गणित मांडून पाहिलं होतं. काका असेही गाडी चालवणार नव्हते, मग नियम त्यांना लागला काय आणि न लागला काय. बाबांचं मात्र सगळंच जाणार होतं. गणित दर वेळी बरोबर येत होतं, आणि दर वेळी त्याला काकांनी शिकवलेलं आठवत होतं, घाटात उतरताना गाडी कुठल्या गिअरमध्ये ठेवायची ते. बोल्ट अर्धा फिरला. तीन-चार थेंब घमेल्यात पडले.

"किती काढणार आहेस?"

धाकटी दारात उभी होती. ती धातूंच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि रविवारसाठी घरी यायची. थोरल्याने पाना तसाच धरून तिला सगळं सांगितलं. मूळ चूक आपलीच, हेही सांगितलं. टायमिंग बेल्ट बदलायच्या निमित्ताने चेंबर उतरवतो, बेअरिंग गुपचूप बदलतो, कोणाला पत्ता लागणार नाही, असं त्यानेच सात महिन्यांपूर्वी सगळ्यांना सांगितलं होतं. बेल्टची वेळ आली तेव्हा गॅरेजमध्ये तीन गाड्या अडकल्या होत्या. मग पुढचा महिना. मग त्याच्या पुढचा.

धाकटीने खिशातून फोन काढला. "दर रविवारी मी आवाज रेकॉर्ड केलाय. तीस आहेत. आलेखावर ती टकटक कशी वाढत गेली ते स्वच्छ दिसतं."

"हे कशाला केलंस?"

"मी ठीक म्हणत होते ना. खरं कुठेतरी नोंदलेलं असावं म्हणून."

ते बाबांना दाखवणार का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, अजून ठरलं नाही. मग घमेल्यातल्या थेंबांकडे बघत म्हणाली, "दादा, आतापर्यंत आपण गप्प होतो. हे केलंस तर आपण बोललो असं होईल."

मग त्याने पाना उलटा फिरवला, बोल्ट घट्ट केला आणि घमेलं फडक्याने पुसलं. बरं वाटलं नाही. नुसतं एक काम राहून गेल्यासारखं वाटलं.

*

नऊला काकांना दवाखान्यातून आणलं, त्यांची खुर्ची इंजिनापासून चार हातांवर ठेवली आणि प्लास्टरमधला पाय टायरवर टेकवला. सगळे जमल्यावर काकाच म्हणाले, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही..." पुढची म्हण सगळ्यांना ठाऊक होती. ती कोणी पुरी केली नाही.

सात महिने त्यांनी ती टकटक रोज ऐकली होती. तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की यायची, पाय सोडला की जायची. एकदा मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, हा आवाज कसला हो. काका म्हणाले, म्हातारी आहे, गुडघे वाजतात. बाई हसल्या. त्या सीटवर रोज कोणीतरी असायचं, टाके घातलेलं, सलाइनची सुई अजून हातात असलेलं, आणि काका आरशातून त्यांच्याकडे बघत गाडी हाकायचे. मोठ्या भावाला, अण्णाला, सांगावं असं रोज वाटायचं. पण रविवारी अण्णा पेन घेऊन समोर उभा राहिला की जिभेला टाळं लागायचं. लहानपणापासून अण्णाचं ऐकायचं, अण्णाला ऐकवायचं नाही, अशी सवय. भीड ही भिकेची बहीण, असं त्यांची आई म्हणायची. तिने दोघांना सारखंच सांगितलं होतं आणि दोघांपैकी एकानेही ते ऐकलं नव्हतं.

बाबा हात पुसत समोर आले. "बारक्या, काय झालं ते तू सांग."

काकांनी वहिनीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. दवाखान्यात दोन रात्री त्यांनी दोन्ही उत्तरं घोळवली होती, आणि आता कळलं की ठरवायचं असं काही नव्हतंच. अण्णाच्या डोळ्यांत बघून त्याचे कान काढून घेणं आपल्याच्याने होणार नाही.

"दिवा लागला होता, अण्णा. माझं लक्ष नव्हतं."

बाबांनी मान हलवली. मग डिपस्टिक ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली आणि बाहेर काढून सगळ्यांसमोर आडवी धरली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं.

दिवा लागतो तो तेलाचा दाब गेल्यावर, ते सावकाश म्हणाले, जणू पहिल्या दिवशी आलेल्या शिकाऊ माणसाला सांगत होते. आणि दाब दोनच कारणांनी जातो. तेल संपलं तर, नाहीतर बेअरिंग झिजून फट वाढली तर. तेल तर आहे. त्यांनी डिपस्टिकच्या टोकावरचं तेल अंगठ्याने बोटावर चोळलं. पुन्हा चोळलं.

"हे माझं तेल नाही. हे जाड आहे."

काकांनी सांगितलं की पाच महिन्यांपूर्वी आपण दुसऱ्या गावातून आणून घातलं. खोटं बोलायला लागलेला वेळ खरं बोलायला लागला नाही.

बाबा थोरल्याकडे वळले. "जुन्या इंजिनात माणूस जाड तेल कशासाठी घालतो?"

थोरल्याला उत्तर पाठ होतं. त्यानेच ते शिकाऊ पोरांना शिकवलं होतं. शेवटी तो म्हणाला, "आवाज दाबायला."

*

चेंबर उतरला तेव्हा तळाच्या तेलात तांबूस चमक होती, पाण्यात रंग सांडावा तशी. धाकटीने ती पाहिली आणि बाबांनीही. थोरल्याने एकेक कनेक्टिंग रॉड सोडवला, आणि बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या बाबांनी स्वतः पांढऱ्या फडक्यावर मांडल्या. पहिल्या सिलिंडरची, दुसऱ्याची, चौथ्याची. तिसऱ्याची जोडी पट्टी म्हणण्याच्या पलीकडे गेली होती. वितळून, गोल फिरून, काळी पडून एकमेकींवर चढली होती. मंगळवारी तीच जाम झाली.

थोरल्याने ती उचलली. बघा, जळलीय, असं म्हणाला. अजून त्याला वाट काढायची होती.

"ती ठेव," बाबा म्हणाले. "मेलेल्याला विचारून काही कळत नाही. शेजाऱ्यांना विचारायचं."

त्यांनी दुसऱ्याची पट्टी उजेडाकडे धरली. धाकटीला त्यांच्या हातून ती घ्यायचीही गरज नव्हती. नव्या पट्टीवर वरचा थर राखाडी पांढरा असतो आणि त्याखाली तांबं. इथे पट्टीच्या निम्म्या रुंदीवर तांबं उघडं पडलं होतं. ते जळलेलं नव्हतं, खरवडलेलंही नव्हतं. गुळगुळीत होतं, पायाखालच्या उंबरठ्यासारखं. चौथ्याचीही तशीच. एका दुपारच्या अपघाताने असं होत नाही.

बाबांनी मायक्रोमीटर तिच्या हातात दिला. तिने तीनदा मापलं, कारण एकदा मापलेल्यावर तिचा विश्वास नसतो. आणि तीनदा मापताना तिला हेही कळत होतं की आपण वेळ काढतोय. सहा शतांश मिलिमीटर कमी, असं तिने सांगितलं.

"एवढं झिजायला दहा हजार किलोमीटर तरी लागतात," बाबा म्हणाले. ते कोणाशी बोलत नव्हते. "बारक्या महिन्याला दीड हजार चालवतो." त्यांनी पट्टी फडक्यावर परत ठेवली, होती त्याच जागी, होती त्याच बाजूने. "सात महिने वाजत होतं हे."

धाकटीला वाटलं होतं की हा क्षण आला की आपण फोन काढू, आलेख दाखवू, आणि काहीतरी हलकं होईल. फोन खिशातच राहिला. दाखवण्यासारखं सगळं फडक्यावर मांडलेलं होतं.

"कोणी ऐकलं?" बाबांनी विचारलं.

आई पुढे झाली, पण धाकटी आधी बोलली. मी, ती म्हणाली, पहिल्याच रविवारी. थोरला म्हणाला, मीही. काका म्हणाले, मी रोज. मग आईने पदराने, हातांवर काही लागलेलं नसताना, हात पुसले आणि म्हणाली की यांना बोलू नका. गप्प बसायला मी सांगितलं होतं. भाऊजींना खोटं बोलायलाही मीच सांगितलं.

"का?"

"तुम्हाला कळू नये म्हणून."

"काय कळू नये?"

आईला ते शब्द दोन वर्षांत एकदाही त्यांच्यासमोर उच्चारावे लागले नव्हते. "तुम्हाला ऐकू येत नाही ते."

बाबांचा चेहरा बदलला नाही. बदलेल म्हणून चौघंही वाट बघत होते.

"ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे," ते म्हणाले. "क्रम कशाला उलटा केला मी?"

धाकटीला एकदम ते सगळे रविवार दिसले. काठी आपल्या कानाशी, आणि बाबा समोर उभे, पेन उघडून, इंजिनाकडे एकदाही न बघता. आपल्या तोंडाकडे बघत.

"काठी मी नुसती धरायचो. हाडाला थरथर कळते, टकटक कळत नाही. आधी तुम्ही सांगायचं, मग मी लिहायचं." ते थांबले. "माझे कान गेले. मला वाटलं, घरात चार जोड्या आहेत."

"मग मला सांगायचंत तरी," आई म्हणाली. आवाज फुटला होता. तो त्यांच्यापर्यंत पोचला नसणार. ओठ पोचले.

"तुला माहीत होतं ना. तू तरी सांगायचंस."

दोन वर्षं एका ताटलीत जेवल्यासारखी दोघं एकाच गोष्टीशेजारी बसली होती, आणि दोघांनीही ती दुसऱ्यासाठी झाकून ठेवली होती.

मग बाबा काकांच्या खुर्चीपाशी गेले. वाकून त्यांनी टायरवरचा पाय किंचित सरकवला, टाच अधांतरी होती ती टेकवली. नियम तेलावाचून मेलेल्या इंजिनाचा आहे, ते म्हणाले. यात तेल होतं. हे त्यांनी इतक्या कोरडेपणाने सांगितलं की काकांना रडू आलं, आणि ते लपवायला त्यांनी प्लास्टरवरचा तेलाचा डाग पुसायला घेतला. तो पसरला.

*

बेकरीवाला वेळेच्या आधीच आला. त्याला घाई होती, दुपारचा माल पोचवायचा होता. बाबांनी फडक्याचे चारही पदर बेअरिंगवर दुमडले आणि व्हॅन चालू केली.

काम ते काम. कानकाठी त्यांनी धाकटीकडे दिली.

तिने काठी लावली, आणि नेहमीपेक्षा तिप्पट वेळ लावून ठेवली. जागा बदलली, पुन्हा लावली. मग बाबांच्या समोर येऊन, शब्द सुटा सुटा करत म्हणाली, "ठीक आहे बाबा. सगळे व्हॉल्व्ह सारखे आहेत. कुठे काही नाही." थोरल्याने ऐकलं आणि ठीक म्हणाला. आईने ऐकलं. तिनेही ठीक म्हटलं. काकांची खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी वाकून काठी धरली आणि म्हणाले, "ठीक आहे अण्णा. शपथ."

या कामात आजवर कोणी शपथ घेतली नव्हती.

बाबांनी काठी कानापुढे दाबली. थरथर आली, एकसारखी, ओळखीची. म्हातारीचीही शेवटच्या रविवारी अशीच आली होती. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा ही थरथर आवाजाविना आली, तेव्हा त्यांनी काठी बदलून पाहिली होती, दातांत धरून पाहिली होती. मग एका दुपारी गॅरेजमध्ये कोणी नसताना भिंतीवरच्या घड्याळाला लावून पाहिली होती. काटा पुढे जात होता. त्या दिवशी त्यांनी मनाशी हिशेब केला की हरकत नाही. कान हे एक यंत्र आहे, झिजतं; झिजलेल्या भागाची जागा दुसरा भाग घेतो, तसं घरचे घेतील. आपल्याला कुठला भाग बसवलाय ते तपासायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांनी चौघांकडे पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडे, नीट, उजेडात. खऱ्या ठीकचा चेहरा खोट्या ठीकपेक्षा वेगळा असेल, असं त्यांना गेला अर्धा तास वाटत होतं. तो तसा नव्हता. धाकटीचे डोळे त्याच तीस रविवारांचे होते, तितकेच सरळ.

त्यांनी वहीत तारीख लिहिली. व्हॅनचे किलोमीटर लिहिले, तेल लिहिलं. शेवटच्या रकान्यात पेन टेकवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"काय म्हणतात कानवाले?" बेकरीवाल्याने हसून विचारलं.

बाबांनी वही मिटली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "घरचे ठीक म्हणतायत," ते म्हणाले. "जाता जाता नाक्यापलीकडच्या गॅरेजवाल्याला एकदा ऐकवून घ्या."

बेकरीवाल्याला वाटलं थट्टा आहे. त्याने आईकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. कोणीच हसत नव्हतं, तेव्हा तो बरं म्हणाला आणि निघाला. व्हॅन फाटकातून बाहेर पडली, डावीकडे वळली आणि भिंतीआड गेली. चौघं तिथेच थांबले, माना थोड्या कललेल्या, त्या दिशेने ऐकत. बाबा त्यांच्याकडे बघत होते. आवाज कधी संपला ते त्यांना चौघांच्या माना खाली गेल्या तेव्हा कळलं.